लेक जर्मनीला निघालीये, तिथलं रोजचं आयुष्य खरंच कसं असतं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, मुलगी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला मास्टर्सला निघालीये, मेकॅनिकलवाली आहे, व्हिसा आला, तिकीट काढून झालं, पण "तिथे रोजचं आयुष्य नक्की कसं असतं हे कोणीच धड सांगत नाही, व्हिडिओत सगळे बर्फात उड्या मारताना दिसतात आणि आमच्या शेजारचा मुलगा म्हणतो काकू बिलकुल टेन्शन घेऊ नका". ताई, शेजारचा मुलगा खोटं बोलत नाहीये, तो तिथे तीन वर्षं राहून आलाय आणि पहिलं वर्ष विसरून गेलाय. सगळेच विसरतात. मी पण विसरले असते, पण ठाण्याच्या नौपाड्यात १८ वर्षं परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या काउन्सेलिंगचं काम करतेय त्यामुळे दरवर्षी नवीन मुलांचे फोन येतात आणि सगळं परत आठवतं. त्याच्याआधी २००४ ला मी स्वतः जर्मनीतल्या आखेनला शिकायला गेले होते, त्यामुळे थोडं ऐकीव, थोडं भोगलेलं असं मिळून सांगते.

माझा पहिलाच दिवस ऐका. शनिवारी रात्री पोचले, रविवारी सकाळी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडले तर सगळी दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. मी ठाण्याची मुलगी, मला वाटलं कुठल्यातरी पक्षाने बंद पुकारलाय! घाबरून परत रूमवर आले आणि आईने दिलेल्या दशम्या न् शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढला. जर्मनीत रविवारी दुकानं बंदच असतात हो, आजही, मोठ्या स्टेशनांवरची वगैरे थोडी दुकानं सोडली तर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. तिथलं आयुष्य म्हणजे अशाच गोष्टींची रांग असते, एकही मोठी नसते, पण पहिल्या चार महिन्यांत सगळ्या एकदम अंगावर येतात.

आता मुद्द्याचं. मुलं थंडीने रडकुंडीला येत नाहीत, जाकीट घेतलं की थंडी संपली. मुलं अडकतात कारण तिथे त्यांना कोणी काही विचारत नाही. आपल्याकडे इंजिनीअरिंग म्हणजे हजेरीसाठी सर ओरडणार, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा ग्रुप जर्नलं उतरवत बसणार, परीक्षेआधी कोणीतरी आयएमपी प्रश्न पाठवणार, आणि हे सगळं करून मुलगी घरी आली की आई ताट वाढणार. तिथे बहुतेक लेक्चर्सना हजेरीच नसते. नाही गेलात तर नाही गेलात, प्रोफेसरला पत्ताही नाही. सेमिस्टर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतं, फेब्रुवारीपर्यंत लेक्चर्स, मग परीक्षा, आणि बऱ्याच विषयांत अख्खा ग्रेड त्या शेवटच्या एका पेपरवर. त्या पेपरला बसायचं तर ऑनलाइन रजिस्ट्रेशन आपलं आपण करायचं, तारीख चुकली की तो पेपर गेला, हातापाया पडून चालत नाही. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत एका विषयाला तीनच अटेम्प्ट मिळतात, तिसऱ्यालाही नापास झालात तर कोर्समधून बाहेर. इथे केटी लावत लावत पास होणारी मुलं हे वाचतात आणि हसतात, फेब्रुवारीत हसत नाहीत.

ग्रेडचं एक सांगून ठेवते, तिकडे आकडा उलटा असतो. १.० म्हणजे सगळ्यात उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. घोडबंदरच्या एका काकांच्या मुलाने घरी कळवलं पहिल्या पेपरात ४.० मिळाले, काकांनी सोसायटीत पेढे वाटले. मुलगा गप्प बसला. मी पण गप्प बसले.

पुढची गोष्ट पत्रं, आणि यावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. जर्मनी अजून कागदावर चालतो. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत शहराच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला अनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. मोठ्या शहरांत त्याची अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, म्हणून रूम पक्की झाली की इथूनच बुक करायची. नोंदणी झाली की घरी पत्रं यायला लागतात, टॅक्स नंबरचं, इन्शुरन्सचं, बँकेचं, सगळं जर्मनमध्ये. त्यात एक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं असतं, महिन्याला १८.३६ युरो, दर घरामागे, घरात टीव्ही असो नसो. मुलं म्हणतात आमच्याकडे टीव्ही नाही आणि पत्र फेकून देतात. मग वर्षभराने थकबाकी एकदम येते दंडासकट. रूममेट असतील तर घरटी एकानेच भरायची असते, वाटून घेता येते, पण ते पत्र उघडलं तर ना! आणि पिवळं पाकीट आलं तर त्याच दिवशी उघडायचं, ते सरकारी किंवा कोर्टाचं असतं, पोस्टमन त्यावर तारीख टाकून जातो आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात. आपल्याकडे सोसायटीच्या वॉचमनकडे पाकीट दोन आठवडे पडून राहिलं तरी काही बिघडत नाही, त्या सवयीने मुलं मार खातात.

पैसे. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच ज्या खात्यात भरून ठेवावा लागतो त्या ब्लॉक्ड अकाउंटला तुम्ही वर्षाचे ११,९०४ युरो भरले असतीलच, त्यातून तिला महिन्याला ९९२ मिळतील. युरो शंभराच्या आसपास धरला तर महिना लाखभर, ऐकायला खूप वाटतं. त्यातून रूमचं भाडं जातं, लहान गावात साडेतीनशे-चारशे, म्युनिकसारख्या ठिकाणी सातशे-आठशेसुद्धा, मग हेल्थ इन्शुरन्सचे दीडशेच्या आसपास जातात, मग उरलेल्यात खाणं, फोन, कपडे. भागतं, पण उड्या मारण्याइतकं उरत नाही. खरी अडचण पहिल्या दोन महिन्यांत होते. घरमालक डिपॉझिट मागतो, कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतो, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तिथलं बँक खातं सुरू झाल्याशिवाय हातात येत नाहीत, काही बँका खात्यासाठी आधी अनमेल्डुंग मागतात, म्हणजे परत पहिल्या पायरीवर. त्यामुळे फॉरेक्स कार्डवर वेगळे निदान दोन-अडीच हजार युरो देऊन पाठवा, हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं आणि ऑक्टोबरमध्ये मला रात्री येणारे निम्मे फोन याचेच असतात.

रूम बघताना एकच नियम, चावी हातात यायच्या आधी पैसे पाठवायचे नाहीत. "मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट टाका, चावी कुरिअर करतो" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा. इतकी शिकलेली मुलं यात पैसे घालवतात, सप्टेंबरमध्ये रूम मिळत नसते आणि माणूस टेकीला आलेला असतो. होस्टेलसाठी श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकलं नसेल तर आज टाका, उत्तर यायला एक सेमिस्टरही जाऊ शकतं. आणि स्वतंत्र फ्लॅट भाड्याने घ्यायचा विचार असेल तर विचारून घ्या किचन आहे का, जर्मनीत कित्येक फ्लॅट किचनशिवाय देतात, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, भिंतीतून नुसते नळ आलेले. तिला शेअरिंगमधली रूमच बरी पडेल.

पार्टटाइमबद्दल मला आधी स्वतःची चूक कबूल करायची आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी पालकांना बिनधास्त सांगायचे, एकदा पोचला की स्वतःचा खर्च स्वतः काढेल. कळव्याच्या एका घरातून एक मुलगा गेला, वडिलांनी राहतं घर तारण ठेवून लोन काढलेलं, मुलाला त्याचं ओझं इतकं की पोचल्या पोचल्या पार्सलच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळी धरली, सकाळी लेक्चरला झोप, दोन सेमिस्टरला मिळून तीन विषय राहिले, त्यातला एक तिसऱ्या अटेम्प्टलाही गेला. वडील माझ्या ऑफिसात आले, काही बोलले नाहीत, पाणी प्यायले आणि गेले. मुलगा नंतर दुसऱ्या कोर्सला लागला, आता नोकरीत आहे, पण मधली दोन वर्षं गेली ती गेलीच, व्याज मात्र चालू होतं. तेव्हापासून ते वाक्य मी तोंडातून काढत नाही.

नियम असा आहे की वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मार्च २०२४ च्या आधी हे १२० आणि २४० होते. युनिव्हर्सिटीतच लॅबमध्ये किंवा प्रोफेसरकडे काम मिळालं, ज्याला सगळे हिवी म्हणतात, तर सोन्याहून पिवळं, पैसे थोडे पण त्याच विषयातलं काम आणि परीक्षेच्या वेळी सुट्टी मिळते. पहिलं सेमिस्टर तिने कामच करू नये असं माझं मत आहे. ज्यांचं अगदीच भागत नाही त्यांनी शनिवारची एक पाळी करावी. तुम्ही आधीच वर्षाचे पैसे भरलेत, ते याच्यासाठीच भरून घेतात.

कॅनडा, यूकेवाले पण हे वाचत असतील तर थोडक्यात, नियम सगळीकडे वेगळे आहेत आणि दर वर्षी बदलतात. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास, यूकेत मास्टर्सवाल्यांना २०, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, अमेरिकेत पहिल्या वर्षी कॅम्पसच्या बाहेर काम करायचंच नाही आणि कॅम्पसवर २० तास. यूकेचं मास्टर्स एका वर्षाचं, त्यामुळे तिथे मूल रुळतंय तोवर डिझर्टेशन येतं. रोख पैसे देतो म्हणून जास्त तास करवून घेणारे आपलेच देशबांधव भेटतात, त्यांच्यापासून लांब राहायचं, पकडलं तर व्हिसा मुलाचा जातो, दुकानदाराचा नाही.

आता नोव्हेंबर. ऑक्टोबर मजेत जातो, सगळं नवीन, झाडं पिवळी-लाल, रोज फोटो येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात आणि मग अंधार लवकर पडायला लागतो, नोव्हेंबर संपताना साडेचारला दिवे लागतात. आपल्यातलं आणि त्यांच्यातलं अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. म्हणजे ती लॅबमधून येऊन स्वयंपाक करून रात्री आठला फोन घेऊन बसली की ऐरोलीत साडेबारा. तुम्ही जाग्या राहाल, मला माहितीये, सगळ्या आया राहतात. दिवाळी याच सुमाराला येते, इथे व्हॉट्सॲपवर फराळाची ताटं, नवीन कपडे, आणि तिथे ती साध्या वर्किंग डेला ट्राममध्ये. माझ्याकडे मुलं रडतात ती याच दिवसांत, आणि घरी कोणालाच सांगत नाहीत. फोनवर "मस्त चाललंय". मी आता ओळखायला शिकलेय, अशा वेळी मुलगी व्हिडिओ कॉल घ्यायचा टाळून नुसता साधा कॉल करते, नेट खराब आहे म्हणते, जेवलीस का विचारलं की उत्तर लगेच येतं पण काय जेवलीस विचारलं की दोन सेकंद थांबते. तेव्हा सल्ला द्यायचा नाही. "घरी ये" पण म्हणायचं नाही आणि "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे तर मुळीच नाही. आपल्याकडचं काहीतरी फालतू सांगत बसायचं, लिफ्ट बंद पडली, कोणाचं लग्न ठरलं, भाजी कितीला झाली. दहा मिनिटांत तीच बोलायला लागते. प्रकरण जास्त वाटलं तर तिथल्या श्टुडिरेंडनवेर्ककडे समुपदेशन मिळतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतसुद्धा.

मुलं कधीकधी खोटंही बोलतात हे पण ऐकून ठेवा. ठाण्यातल्याच एका मुलाने घरी दोन सेमिस्टर सगळे विषय सुटले सांगितलं, प्रत्यक्षात निम्मे राहिले होते. घरचे रागावले ते माझ्यावर. मला राग आला नाही, कारण त्या घरात नापास हा शब्दच चालायचा नाही, मग तो पोरगा सांगणार कोणाला?

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. डाळ, तांदूळ, हळद, जिरं सगळं तिथे इंडियन किंवा टर्किश दुकानात मिळतं. बॅग गोडा मसाला, मेतकूट, चकल्या, भाजणी, छोटा कुकर याने भरा, पण साजूक तूप, पेढे, खव्याचं काही नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सापडलं तर काढून घेतात, आणि आजीच्या हातचं तूप कचऱ्यात जाताना बघवत नाही. फोडणी मात्र शिकवून पाठवा, म्हणजे झाकण ठेवून, मंद आचेवर. तिथे घराघरात छताला स्मोक अलार्म असतो, होस्टेलमध्ये मोहरी जळली आणि अलार्म वाजला की अख्खी बिल्डिंग जिना उतरते आणि काही ठिकाणी फायर ब्रिगेडचं बिल हातात येतं. युनिव्हर्सिटीची कँटीन, मेन्सा म्हणतात, तिथे तीन-चार युरोत गरम जेवण मिळतं, दुपारी तिथेच खायचं, पैसे वाचतात आणि चार माणसं भेटतात.

माणसांबद्दल सांगायचं तर दोन टोकं टाळायची. एक म्हणजे सहा मराठी मुलांनी एक घर घ्यायचं, दोन वर्षं आपापसात बोलायचं, पोहे, क्रिकेट आणि रविवारची मिसळ, आणि शेवटी जर्मन भाषा ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या, पुढे जात नाही. दुसरं म्हणजे मी आता आपल्या लोकांत मिसळणारच नाही असा हट्ट, नोव्हेंबरात हे फार महागात पडतं. जर्मन मुलं पटकन मैत्री करत नाहीत, त्याचा अर्थ ती उद्धट आहेत असा नाही. रूममेटने साफसफाईचं वेळापत्रक भिंतीवर लावलं असेल तर ते गंभीरपणे घ्यायचं, रात्री दहानंतर आवाज नाही, कचरा वेगवेगळ्या डब्यांत. हे पाळलंत की सहा महिन्यांनी तीच रूममेट ख्रिसमसला स्वतःच्या घरी नेते. मला नेलं होतं, तिची आजी मला सारखी "अजून घे, अजून घे" करत होती, शब्द कळत नव्हते पण घंटाळीतल्या माझ्या आत्यासारखीच वाटत होती.

भाषेचं अगदी थोडक्यात, कोर्स इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर, ऑफिस आणि नोकरी इंग्रजीत नसते. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यात बी-वन, बी-टू या वरच्या पातळीचं जर्मन येणारी मुलं पुढे जातात आणि नुसत्या इंग्रजीवाली अर्ज करत बसतात. जायच्या आधी ए-वन, ए-टू इथे करून घ्या, तिथे लॅब सांभाळून जमत नाही.

आजारी पडली तर? ताप आला, डॉक्टरकडे गेली, डॉक्टर म्हणतील चहा प्या आणि झोपा. अँटिबायोटिक मागितलं तरी सहजी देत नाहीत. आपल्याकडे कोपऱ्यावरचा केमिस्ट दोन गोळ्या कापून देतो तसं नाही. इमर्जन्सीला ११२, आणि रात्री-रविवारी साधा दवाखाना हवा असेल तर ११६११७, हे दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करा. परीक्षेच्या दिवशी आजारी पडली तर त्याच दिवशी डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यायचं, नाहीतर नापास धरतात.

आता जायला दोन महिने आहेत ना, तोवर एक करा. घरातली ऑफिसची सगळी कामं तिच्यावर टाका, बँकेत तीच जाईल, एलआयसीचा हप्ता, वीजबिलाची तक्रार, आधारचा पत्ता बदलणं, सगळं. तुम्ही सोबत जायचं नाही. आमच्या मुली आयआयटीचे पेपर सोडवतात आणि बँकेच्या काउंटरवर "बाबा बोलतील" म्हणून मागे सरकतात. आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक तिने करायचा, भांडी पण तिनेच, आणि सकाळी तिला हाक मारायची नाही, उशीर झाला तर झाला.

एक बारीकशी गोष्ट राहिली. जर्मनीत पत्र येतं ते पत्रपेटीवरच्या नावाने, फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, बँकेचा पिनही परत जातो. मी पोचल्यावर तीन आठवडे पत्र येत नाही म्हणून बँकेवर चिडत होते आणि पेटीवर माझ्या आधीच्या मुलीचं नाव होतं. म्हणून तिच्या बॅगेत एक जाडा मार्कर आणि सेलोटेप टाका, आडनाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लिहायचं. आणि तिला हेही सांगा, आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असलं तर तिथले लोक ते तिचंच दुसरं नाव समजतात. दवाखान्यात बसलेली असताना कोणी तिच्या बाबांच्या नावाने हाक मारली तर तिनेच उठायचं.